चिपाडातली आग

कोल्हापूरकडं गुऱ्हाळावर कधी थांबला असाल तर बघितलं असेल, चरकातनं निघालेली चिपाडं लगेच चुलवणात घालत नाहीत, आधी पसरून कडकडीत वाळवतात. बायोमासचं, म्हणजे शेतातला चोथा-पालापाचोळा जाळून ऊर्जा मिळवण्याचं, निम्मं गणित मला तरी तिथंच दिसतं, आणि ते पाण्याचं गणित आहे.

साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो चोथा निघतो, बगॅस म्हणतात त्याला, आणि त्यात जवळपास निम्मं पाणीच असतं. किलोभर ओलं बगॅस जाळलं तर अंदाजे 2200 किलोकॅलरी उष्णता, पण त्यातली तीनशेएक त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते आणि धुराड्यातनं निघून जाते. धुराड्यातला वायू 150 अंशांच्या आसपास तापलेला असतो, त्याच्यावरच बगॅस वाळवता येतं, जळणही वाचतं.

दुसरी गोष्ट वाफेच्या दाबाची. जुने बॉयलर 21 किंवा 32 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबावर चालायचे, तेव्हा चोथा संपवणं हाच मोठा प्रश्न होता. आता 67, 87, काही ठिकाणी तर 110 किलो दाबाचे बॉयलर आलेत, ही वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरला की तीच वाफ रस आटवायला वापरतात, म्हणजे एकाच जळणातनं वीजही आणि साखरही, याला कोजनरेशन म्हणतात. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रीडला जाते. आणि हंगाम असतो थंडी-उन्हाळ्यात, धरणांतलं पाणी आणि त्यावरची वीज कमी होत जाते नेमकी तेव्हा, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचं, काय? हेक्टरी 8-10 टन पाचट निघतं आणि कितीतरी शेतकरी ते फडातच पेटवून देतात. कारखान्यालाही ते सहज नको असतं, कारण हलकं असल्यानं ट्रॉली भरते पण वजन भरत नाही, वाहतुकीतच डिझेल जातं, शिवाय त्यातल्या पोटॅश आणि क्लोरिनमुळं बॉयलरच्या नळ्यांवर राख चिकटून बसते. म्हणून फलटण-पुण्यात काम करणाऱ्या आरती संस्थेनं, डॉ. आनंद कर्व्यांच्या पुढाकारानं, उलटा विचार केला: पाचट भट्टीपर्यंत नेण्यापेक्षा भट्टीच फडात न्यायची. बंद डब्यात हवा न लागू देता पाचट तापवायचं, निघणारा वायू त्याच भट्टीत जाळायचा, उरलेला कोळसा खळीत मळून कांड्या पाडायच्या. 2002 साली या कामाला अ‍ॅश्डेन हा स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठीचा पुरस्कार मिळाला. कांडी शेगडीत धूर न करता जळते, आणि खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटणाऱ्या पिकाच्या) सरीत थोडं पाचट तसंच ठेवलं तर जमिनीतला ओलावाही टिकतो.