डीप युटेक्टिक विद्रावक : साखरेपासून एचएमएफ

दोन घन पदार्थ ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर त्यांच्यातील हायड्रोजन बंधांमुळे मिश्रणाचा वितळबिंदू दोघांच्याही खूप खाली येतो. अशा द्रवाला डीप युटेक्टिक विद्रावक म्हणतात आणि तो ‘हरित’, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक, मानला जातो. कोंबडीखाद्यात वापरले जाणारे कोलीन क्लोराइड सुमारे ३०२° से.ला वितळते, युरिया १३३° से.ला, १:२ या रेणुप्रमाणातले त्यांचे मिश्रण मात्र १२° से.लाच. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिले.

युरियाऐवजी सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल घेतले तर विद्रावकच उत्प्रेरक होतो, वेगळे आम्ल घालावे लागत नाही. त्यात फ्रुक्टोज (फळांतली साखर) विरघळवून ८०°–१००° से.पर्यंत तापवले की प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून ५-हायड्रॉक्सिमिथिलफुरफुराल (एचएमएफ) हे प्लॅस्टिकसाठी उपयोगी पडणारे रसायन उरते. मध तापवला किंवा फार दिवस ठेवला की त्यातही एचएमएफ वाढते. म्हणून कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी मधासाठी किलोला ४० मिग्रॅ. (उष्ण प्रदेशांतील मधासाठी ८०) अशी मर्यादा घातली आहे. निव्वळ पाण्यात ही विक्रिया नीट साधत नाही : एचएमएफ पाणी घेऊन लेव्युलिनिक व फॉर्मिक आम्लांत मोडते आणि भांड्यात ह्यूमिन नावाचा काळा चिकट गाळ साचतो.

एचएमएफच्या ऑक्सिडीकरणाने एफडीसीए (फुरान डायकार्बोक्सिलिक आम्ल) मिळते व त्यापासून पीईएफ (पॉलिइथिलीन फुरानोएट) हे प्लॅस्टिक. बाटल्यांच्या नेहमीच्या पीईटीपेक्षा ते ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड अधिक चांगले अडवते. नेदरलँड्समधील डेल्फझाइल येथे अव्हांटियम कंपनीने एफडीसीएचा कारखाना उभारला. तिथे मात्र फ्रुक्टोजवर मिथेनॉलमध्ये प्रक्रिया होते, डीप युटेक्टिक द्रवात नाही.

उसाच्या साखरेत निम्मे ग्लुकोज असते आणि घोडे तिथेच अडते. फ्रुक्टोज सहज निर्जलित होते. ग्लुकोजचे आधी फ्रुक्टोज करावे लागते. २००७ मध्ये आयनी द्रवात (कमी तापमानालाच वितळणाऱ्या क्षारात) क्रोमियम क्लोराइड वापरून ग्लुकोजपासून जवळपास ७० टक्के एचएमएफ मिळाले, पण क्रोमियमसारखा विषारी ठरू शकणारा धातू वापरायचा तर ‘हरित’ कशाला म्हणायचे?

खरी डोकेदुखी उत्पादन वेगळे काढण्याची. डीप युटेक्टिक द्रव दाट, जवळजवळ न उडणारे. एचएमएफही सहज ऊर्ध्वपातित होत नाही. म्हणून इथाइल ॲसिटेटने ते ओढून काढतात, म्हणजे आणखी एक विद्रावक आलाच. कोलीन क्लोराइडही ट्रायमिथिल अमाइन व एथिलीन ऑक्साइड या बहुधा खनिज इंधनांपासून येणाऱ्या रसायनांतून बनते. शिवाय तापवताना आम्ल आणि कोलीन जोडले जाऊन हळूहळू एस्टर हे संयुग होत राहते, त्यामुळे तोच द्रव पुन्हा वापरताना त्याची आम्लता पहिल्यासारखी राहत नाही.