गुलाबी बाटलीतलं कॅलमाइन: नाव दगडाचं, पूड जस्ताची

उन्हाळा तापला की कृष्णाकाठच्या उसात आणि तासगावच्या द्राक्षबागांत राबणाऱ्यांच्या पाठीवर घामोळं उठतं. उसाच्या पानांची कूस लागून आग होते ती वेगळीच. मग मेडिकलमधून गुलाबी बाटली येते. तिच्यावरचं नाव मुळात खाणीतल्या दगडाचं आहे.

जस्ताच्या या खनिजाला युरोपात कॅलमाइन म्हणत. तांबं आणि कोळशासोबत ते तापवलं की पितळ मिळे. आपल्या रसशास्त्रातला, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या जुन्या विद्येतला, रसक किंवा खर्पर तो हाच, असं अभ्यासक मानतात. नुसतं जस्त काढणं मात्र कठीण: ९०७ अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि हवा लागताच ती जळून पांढरी पूड उरते. उदयपूरजवळच्या जावरला वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली उतरवत, थंड करत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनचं जस्त काढण्याचं पेटंट त्यानंतरचं, १७३८ चं. पुढे १८०३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसनने दाखवलं की ज्याला सरसकट कॅलमाइन म्हणतात त्यात कार्बोनेट आणि सिलिकेट अशी निरनिराळी खनिजं आहेत.

आज बाटलीत दगड नसतो. खनिजासोबत शिसं, कॅडमियम येऊ शकतं, म्हणून पूड कारखान्यात बनवतात. अमेरिकी मानकात ती झिंक ऑक्साइड, ब्रिटिश मानकात जस्ताचं कार्बोनेट. दोन्हींत चिमूटभर लोह ऑक्साइड. गुलाबी रंग त्याचा, गुण नव्हे.

ब्रिटिश सूत्रात १०० मिलिलिटरला कॅलमाइन १५ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ५, बेंटोनाइट (एक चिकणमाती) ३, सोडियम सायट्रेट अर्धा ग्रॅम, ग्लिसरीन ५ मिलिलिटर, फेनॉल अर्धा मिलिलिटर, बाकी पाणी. आपल्याकडच्या बाटल्यांत प्रमाण वेगळं असतं, लेबल बघावं. बेंटोनाइट पूड तरंगती ठेवतं, तरी ती बसतेच. बाटली न हलवता ओतली की वरचं पाणीच अंगाला लागतं आणि तळाशी घट्ट चोथा उरतो. ग्लिसरीनमुळे थर कातडीला धरून राहतो. गारवा येतो तो पाणी उडून जाताना. म्हणून पातळ थर देऊन वाळू द्यावा. जाड थापलं तर पापुद्रे सुटतात, कोरडी कातडी आणखी ओढते. पाणी सुटलेल्या जखमेवर लावलं तर खपली धरून खाली घाण साचते.

बांधावरच्या गाजर गवताने उठलेल्या पुरळावरही हीच बाटली काढतात. खाज तेवढी निवते. ॲलर्जी जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी उघड्या हातांनी गवत उपटलं की पुरळ परत येतं.