बिनचूक, पण सावकाश: मराठी वाचनातील अडचण वेळीच कशी ओळखावी?

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातील विशिष्ट अडचण, असलेल्या मुलाला अक्षरे उलटी दिसतात, ही समजूत अजूनही घट्ट आहे. वास्तविक 'घ' आणि 'ध' यांत पहिलीतील कोणतेही मूल गोंधळते. डिस्लेक्सियाचे मूळ डोळ्यांत नसते. बोलण्यातील ध्वनी सुटे ओळखून ते लिखित चिन्हांशी पक्के जोडण्याची जी प्रक्रिया मेंदूत घडते, तिच्यात प्रामुख्याने ते असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश आहे आणि ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय योजणे, हे कलम 16 नुसार शाळांचे कर्तव्य आहे. मात्र 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी शिक्षकांनी करायच्या चाचपणीसाठी तिसरीचा वर्ग किंवा वयाची आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, असा टप्पा ठरवला. वाचनाची घडी बसते ती त्याआधीच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'डाली' या संचात मराठीसह काही भारतीय भाषांतील साधने असून त्यांत पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आहे, आणि ती शिक्षकांना भरता येते, हे म्हणूनच मोलाचे आहे.

परंतु मराठीत नेमके काय तपासायचे? इंग्रजीत 'यू' या अक्षराचा उच्चार 'बट'मध्ये एक आणि 'पुट'मध्ये दुसरा होतो, त्यामुळे तिथे अडखळणारे मूल ढळढळीत चुका करते. मराठीत 'च', 'ज' यांसारखे अपवाद सोडले, तर चिन्हावरून उच्चार बहुतांशी ठरलेला असतो. अशा नियमित लिपींत ही अडचण चुकांपेक्षा वेगात अधिक दिसते, हे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर यांनी 1993 मध्ये जर्मन भाषक मुलांच्या अभ्यासातून दाखवून दिले होते. मूल वाचते बरोबर, पण फार सावकाश.

'सूर्य' हा शब्द घ्या. 'र'चा उच्चार 'य'च्या आधी होतो, पण रफार बसतो 'य'च्या डोक्यावर. 'किल्ली'त वेलांटी 'क'च्या आधी येते आणि तिचा स्वर नंतर उच्चारला जातो. सराईत वाचकाला ही उलटापालट जाणवतही नाही, कारण वारंवार पाहिलेला शब्द मेंदूच्या डाव्या भागातील एक ठरावीक क्षेत्र एका दमात ओळखते. ज्या मुलात ध्वनी आणि चिन्ह यांची जोडणी आपोआप होत नाही, ते प्रत्येक अक्षर नव्याने उलगडत जाते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात कार्यस्मृतीतून, म्हणजे वाचताना तात्पुरते लक्षात ठेवण्याच्या क्षमतेतून, निसटलेली असते. "वाचता येतं, पण लक्ष देत नाही" असा शेरा अशाच मुलांना मिळतो, आणि तो अन्यायकारक आहे.

म्हणून चाचणीत घड्याळ हवे. ओळखीच्या चित्रांच्या किंवा रंगांच्या ओळी भराभर नावे घेत म्हणायला लावणे, ही अक्षरओळखीच्याही आधी देता येणारी चाचणी आहे. तिच्या जोडीला "'पाट'मधल्या 'प'च्या जागी 'ख' ठेवला तर काय होईल?" असे तोंडी प्रश्न विचारावेत. जोडाक्षरे येत नाहीत एवढ्यावरून मात्र पहिलीतल्या मुलावर शिक्का मारू नये. कन्नड मुलांवरील सोनाली नाग यांच्या संशोधनानुसार जोडाक्षरांसह सर्व अक्षरे शिकणे चौथीपर्यंत चालू असते. शिवाय ही चाचणी निदान नव्हे. ऐकू कमी येते का, नजर ठीक आहे का, घरी गोंडी किंवा पावरी बोलली जाते का, हेही पाहावेच लागते.

डोळे बांधून वाचायला शिकवणारे 'मिड-ब्रेन' वर्ग या मुलांच्या पालकांनाही गाठतात; त्यांच्या दाव्यांना वैज्ञानिक आधार नाही. उपयोग होतो तो लहान गटात, रोज, ध्वनी आणि चिन्ह यांची क्रमवार जोडणी उघडपणे शिकवण्याचा, आणि तोच छोटा उतारा वेळ लावून पुन्हा पुन्हा वाचून घेण्याचा. दहावीत जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी प्रमाणपत्र लागते; ही शिकवणी पहिलीच्या वर्गात सुरू करायला ते लागत नाही.