पेट्रोल पुरेसं आहे, मग तिसरा सिलिंडर का चुकतो?

फ्युएल प्रेशर, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब, घरीच मोजण्याचा गेज आता ऑनलाइन सहज मिळतो. तो जोडला, प्रेशर ठीक निघालं, सगळं परत बसवलं, सेल्फ मारला आणि गाडी मिस मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटेनासं झालं. चेक इंजिनचा दिवाही लागला. अशा वेळी नवा पंप मागवण्याआधी आठवून बघा, तपासताना हात कुठे कुठे लागला होता?

इंजिन मिस मारतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं कसं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर विज्ञान वाटतं. सिलिंडरच्या आत डोकावणारं कुठलंही यंत्र त्याच्याकडे नसतं. क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, एक दातेरी चाक असतं, अनेक गाड्यांत ५८ दात्यांचं. समोरून दाता गेला की सेन्सर त्याची वेळ टिपतो. प्रत्येक ज्वलनाने क्रँकला धक्का मिळतो. एखादं ज्वलन हुकलं की त्या टप्प्यातले दाते किंचित उशिरा येतात. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो, तरी तेवढ्या उशिरावरून नेमका कोणता सिलिंडर हुकला हे ओळखता येतं. दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०३ दिसलं तर तिसरा. पी०३०० दिसलं तर दोष एका सिलिंडरपुरता नाही.

फसगत होते ती सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरपाशी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. समजा, तिसऱ्या सिलिंडरची ठिणगीच पडली नाही. आतली हवा न वापरता सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडते, पेट्रोलही तसंच जातं. सेन्सर मात्र फक्त ऑक्सिजन मोजतो. त्याला भरपूर ऑक्सिजन दिसतो, म्हणून कॉम्प्युटर समजतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि चांगल्या सिलिंडरांनाही जास्त पेट्रोल देतो. स्कॅनरवर ‘लीन’ (पेट्रोल कमी) वाचून माणूस पुन्हा फ्युएल लाइन उघडतो. दोष असतो ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलमध्ये.

चाचणीनंतरचे दोष बहुतेक साधे असतात. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कपलर (वायरचा जोड) ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसलेला नसतो, किंवा पेट्रोलचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाइप निसटून राहतो. रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणारी नळी, उचलून इंजेक्टर परत बसवताना कोरडी ओ-रिंग (रबरी कडी) चिरते. खालची चिरली तर त्या सिलिंडरला मोजमापाबाहेरची हवा मिळते; वरची चिरली तर पेट्रोल बाहेर झिरपतं. पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरूच करू नका. रेल बाहेर काढून, सेल्फ मारून फवारा बघण्याचा प्रकारही करू नये. पेट्रोलचं धुकं आणि एक ठिणगी, एवढं आगीला पुरतं. कॉइलचे कपलर काढून बराच वेळ सेल्फ मारला असेल तर इंजेक्टर चालूच राहिलेले असू शकतात आणि ठिणगी पाडणारे प्लग भिजतात. ते काढून वाळवावेत.

एवढं बघूनही मिस जात नसेल, तर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब. नाही बदलला तर हेच प्लगचं करा. इंजेक्टरची अदलाबदल शेवटी, कारण त्यासाठी रेल पुन्हा उचलावी लागते आणि नव्या दोषाला वाट मिळते. गाडीची चाल बघूनही खूप कळतं. आयडलिंगला थरथरणारी गाडी रेस दिल्यावर सुधारली तर कुठून तरी हवा शिरत असण्याचा संशय घ्यावा. चढावर, भार पडल्यावर बिघडली तर पेट्रोलचा पुरवठा किंवा कमजोर ठिणगी. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो तापून निकामी होतो.

आपल्याकडे कितीतरी गाड्या सीएनजीवर चालतात, आणि त्यांच्या मालकांच्या हातात एक फुकटची चाचणी आहे. पेट्रोलवर मिस मारणारी गाडी सीएनजीवर गुळगुळीत चालली, तर दोष पेट्रोलच्या इंजेक्टरात, त्यांच्या वायरिंगमध्ये किंवा पुरवठ्यात शोधावा. दोन्हीवर तोच सिलिंडर हुकत असेल तर ठिणगी, हवेची गळती किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघावं. सीएनजी पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून फक्त सीएनजीवर झटके येत असतील तर आधी झिजलेले प्लग काढून बघा.