फोक्सवॅगन प्रकरण : एकच इंजिन, तीन देशांतले मालक

मे २०२५मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने फोक्सवॅगनच्या चार माजी अधिकाऱ्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवले आणि त्यांपैकी दोघांना तुरुंगवास सुनावला. डिझेल गाड्यांत प्रदूषणाची परीक्षा ओळखून ती फसवणारे सॉफ्टवेअर दडवल्याचा हा घोटाळा उघडकीस आल्याला तोवर जवळजवळ दहा वर्षे होत आली होती. ज्यांनी तशी गाडी घेतली होती त्यांच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न कोण तुरुंगात जाणार हा कधीच नव्हता. दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत आता किती आणि झालेली घट कोण भरून देणार, हा होता. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत एक निघाले, जर्मनीत दुसरे आणि भारतात तर तो प्रश्न नीट विचारलाच गेला नाही. इंजिनाचे कुटुंब बहुतांशी एकच होते, ईए १८९. फरक होता तो मालक ज्या कायद्याखाली राहत होता त्याचा.

युरोपात डिझेल मोटारींची सवय जुनी असली, तरी अमेरिकी ग्राहकाच्या मनात डिझेल म्हणजे धूर आणि खडखडाट हेच समीकरण होते. ते पुसण्यासाठी कंपनीने २००८च्या सुमारास ‘क्लीन डिझेल’ची जाहिरात सुरू केली. २००९च्या जेट्टा टीडीआय या तिच्या डिझेल मोटारीला त्या वर्षीची हरित मोटार म्हणून गौरवण्यात आले आणि ती घेणाऱ्याला केंद्रीय करात १,३०० डॉलरची सवलतही मिळत होती. म्हणजे पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजून ग्राहक जी वस्तू घेत होता, तिच्या किमतीतच स्वच्छतेचा दावा धरलेला होता.

हा दावा निभावणे अवघड होते. अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइड या प्रदूषक वायूंची मर्यादा मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.०४ ग्रॅम होती, तर युरोपच्या युरो ५ मानकात तीच ०.१८ ग्रॅम होती. हे वायू पकडून ठेवणारी यंत्रणा सतत चालवली, तर इंधन जास्त लागते आणि काजळीच्या फिल्टरवरचा ताण वाढतो. युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा असेल, तर तिची टाकी दोन सर्व्हिसिंगच्या मधेच रिकामी होते. यावर काढलेली तोड इंजिनाच्या संगणकात दडवलेली होती. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, चाके फिरतात, पण स्टीअरिंग जागचे हलत नाही. वेगाचा चढउतारही ठरावीक तक्त्याप्रमाणेच होतो. ही लक्षणे दिसली की संगणक परीक्षा चालू आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरती यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवत असे.

असले प्रकार पूर्वी झालेच नव्हते असे नाही. तापमान पाहून प्रदूषण-नियंत्रण बंद करणाऱ्या स्विचबद्दल याच कंपनीने १९७०च्या दशकात अमेरिकेत १,२०,००० डॉलर भरले होते, जनरल मोटर्सने १९९५मध्ये सुमारे ४,७०,००० कॅडिलॅक गाड्यांबद्दल तडजोड केली होती आणि १९९८मध्ये ट्रकची इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्या एकदमच सापडल्या होत्या. या तिन्ही प्रकरणांची चर्चा सरकार आणि कारखानदार यांच्यातल्या दंडापुरतीच राहिली. गाडीच्या फेरविक्रीचा विषय इतक्या मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो २०१५मध्येच.

उलगडा मात्र अगदी साध्या कामातून झाला. स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेला अमेरिकेतली डिझेल गाडी युरोपातल्यापेक्षा स्वच्छ असते हे दाखवून द्यायचे होते, म्हणून तिने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला चाचणीचे काम दिले. डिकीत मोजणीचे यंत्र आणि त्याला वीज पुरवायला जनरेटर अशा सरंजामानिशी फोक्सवॅगनची पसाट ही मोटार लॉस एंजेलिसहून सिअॅटलपर्यंत नेऊन परत आणली गेली. रस्त्यावर तिचे उत्सर्जन मर्यादेच्या ५ ते २० पट आणि जेट्टाचे १५ ते ३५ पट भरले; सोबत तपासलेली बीएमडब्ल्यू मात्र बहुतांशी मर्यादेत राहिली. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने वर्षभर पिच्छा पुरवला, २०१६च्या मॉडेलांना परवानगी अडेल अशी चिन्हे दिसली, तेव्हा कंपनीने सप्टेंबर २०१५च्या सुरुवातीला कबुली दिली. १८ सप्टेंबर रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोटीस जाहीर केली आणि चार दिवसांनी जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले.

पुढच्या प्रत्येक हिशेबात १८ सप्टेंबर ही तारीख येते. अमेरिकेत नव्या डिझेल गाड्यांची विक्री थांबली आणि जुन्या गाड्यांचे भाव घसरले. मालकाची कोंडी अशी की गाडी उत्तम चालत होती, ॲव्हरेज देत होती, चालवायला बंदीही नव्हती; पण विकायला काढली तर समोरचा ‘पुढे हिचे काय होणार?’ असे विचारणार आणि त्याला सांगण्यासारखे काही नव्हते. नोव्हेंबरमध्ये कंपनीने ५०० डॉलरचे कार्ड आणि तिच्याच डीलरकडे खर्च करायचे आणखी ५०० डॉलर देऊ केले. समजूत काढण्याचा हा प्रकार अनेकांना चिडवणाराच वाटला असणार.

अमेरिकेतले न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी ऑक्टोबर २०१६मध्ये मंजूर केलेल्या १४.७ अब्ज डॉलरच्या तडजोडीने ही कोंडी फोडली. सुमारे ४,७५,००० मालकांना गाडी कंपनीला परत विकण्याचा पर्याय मिळाला आणि किंमत धरली गेली ती सप्टेंबर २०१५ची, म्हणजे बातमी फुटण्यापूर्वीची. त्याशिवाय सुमारे ५,१०० ते १०,००० डॉलर भरपाई वेगळी. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय हाच. घोटाळ्यामुळे झालेली घसरण मालकाच्या अंगावर न टाकता, घोटाळा करणाऱ्याच्या माथी मारण्याचा याहून सरळ मार्ग दिसत नाही. तरीही तारखेची रेघ कोणाला तरी छेदणारच होती. नोटिशीच्या आधी गाडी विकलेल्याला काही मिळाले नाही आणि नंतर घाबरून, पडत्या भावात विकलेल्याला भरपाईचा अर्धाच वाटा मिळाला. परत देताना गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत आली पाहिजे एवढीच अट असल्यामुळे काही बहाद्दरांनी दारे, सीट, बंपर काढून घेतलेले सांगाडे हाकत आणले आणि ती तक्रार थेट न्यायालयापर्यंत गेली. २०१८च्या सुरुवातीपर्यंत कंपनीने सुमारे ३,५०,००० गाड्या परत घेतल्या होत्या. मिशिगनमधल्या पडीक सिल्व्हरडोम स्टेडियमचे पार्किंग आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटी विमानतळाचे आवार अशा जागी त्या रांगांनी उभ्या राहिल्या. पुढे दुरुस्ती मंजूर झालेल्या गाड्या वाढीव वॉरंटीसह पुन्हा विक्रीला आल्या.

जर्मनीत सुमारे २४ लाख मालकांना मिळाली ती सक्तीची रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणे, आणि नवे सॉफ्टवेअर. अपडेट करून घेतले नाही तर गाडीची नोंदणी धोक्यात आणि करून घेतले तर ॲव्हरेज किंवा इंजिनाचे आयुष्य घटेल ही शंका, अशा कात्रीत लोक सापडले. सामूहिक दाव्याची सोय तिथल्या कायद्यात नव्हती; ती १ नोव्हेंबर २०१८ रोजी, मुख्यतः याच प्रकरणामुळे, आली. ग्राहक संघटनांच्या महासंघाने लढवलेल्या त्या दाव्यात २०२०मध्ये माणशी १,३५० ते ६,२५७ युरोंवर तडजोड झाली. त्याच वर्षी २५ मे रोजी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका मालकाला शारान गाडी परत करून पैसे घेण्याचा हक्क दिला. त्याने ती २०१४मध्ये वापरलेली म्हणून ३१,४९० युरोंना घेतली होती. हाती आले २५,६१६ युरो, कारण जितके किलोमीटर गाडी धावली तितका उपभोग झाला असे धरून ती रक्कम वजा केली गेली. खटला जितका लांबला आणि गाडी जितकी धावली, तितकी मालकाची रक्कम आटत गेली. जुलैमध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की उपभोगाची रक्कम खरेदीच्या किमतीइतकी झाली असेल तर काहीच मिळणार नाही, आणि २०१५ची कबुली जाहीर झाल्यावर गाडी घेतलेल्यालाही या आधारावर मागणी करता येणार नाही.

घोटाळ्यात नसलेल्या डिझेल मालकालाही झळ लागली, ती वेगळ्या वाटेने. लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१८ रोजी शहरांना डिझेलबंदीची मुभा दिली, हॅम्बुर्गने त्याच वर्षी दोन रस्त्यांवर ती लावली आणि जानेवारी २०१९पासून स्टुटगार्टमध्ये युरो ४ व त्याखालच्या गाड्यांना मज्जाव झाला. आपली गाडी उद्या कचेरीपर्यंत जाऊ शकेल की नाही, याची खात्री नसलेल्या गिऱ्हाइकाला कोणत्याही कंपनीची जुनी डिझेल गाडी स्वस्तातच हवी होती.

भारतातला धागा पुण्यात येतो. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आणि तपासणी करणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातलीच. रस्त्यावरच्या तिच्या चाचणीत उत्सर्जन बीएस-४ या भारतीय प्रदूषण-मानकाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले, तेव्हा डिसेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्यांची रिकॉल जाहीर झाली. बीएस-४मध्ये रस्त्यावरच्या उत्सर्जनाची मर्यादाच नसल्याने आम्ही नियम मोडलेला नाही, ही कंपनीची भूमिका. राष्ट्रीय हरित लवादाने ७ मार्च २०१९ रोजी ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. मात्र हा दंड हवेच्या नुकसानीचा होता. पोलो किंवा व्हेंटोच्या मालकाला त्यातला एक रुपयाही मिळायचा नव्हता.

जुन्या गाड्यांच्या आपल्या बाजारात या प्रकरणाने मोठी उलथापालथ झाली नाही, यात मला नवल वाटत नाही. गिऱ्हाईक पाहते ते किलोमीटर, सर्व्हिसची बिले, विमा आणि पीयूसी. आणि डिझेलच्या पीयूसीत मोजतात तो धुराचा काळेपणा, नायट्रोजन ऑक्साइड नव्हे. अपडेट झालेली आणि न झालेली गाडी त्या कागदावर सारखीच. दिल्लीत मात्र डिझेल गाडीच्या किमतीला खरी कात्री लावली ती दहा वर्षांपुढच्या डिझेल वाहनांना मनाई करणाऱ्या हरित लवादाच्या आदेशाने. तो एप्रिल २०१५चा, म्हणजे फोक्सवॅगनच्या कबुलीच्याही पाच महिने आधीचा.