शेड्यूल बदलून मागण्याआधी एवढं वाचा
वजनांचा व्यायाम करणाऱ्या सभासदांसाठी

"हे शेड्यूल मला सूट होत नाहीये, बदलून द्या ना." हे जिममध्ये आम्हाला जवळपास रोज ऐकायला मिळतं. सांगणारे बहुतेक सभासद व्यायामाच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या आठवड्यात असतात. आम्ही तेव्हा शेड्यूल बदलत नाही आणि काही जण नाराज होतात. त्यामागचं कारण नीट कळावं म्हणून हे पत्रक.

प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ जणांकडून १२ आठवडे एकाच हाताचा, सारख्याच पद्धतीने व्यायाम करून घेतला होता. शेवटी मोजलं तेव्हा कुणाच्या दंडाचा स्नायू ५९ टक्क्यांनी वाढला होता, तर कुणाचा आधीपेक्षा किंचित कमीच भरला. ताकदीत काहींना काहीच फरक पडला नाही आणि काहींची ताकद थेट साडेतीनपट झाली. व्यायाम तोच, आठवडे तेवढेच. त्यामुळे मित्राच्या मोबाइलमधलं शेड्यूल तुम्हाला लागू पडेलच असं नाही. पण एखादी पद्धत आपल्याला लागू पडते की नाही, हे दोन-तीन आठवड्यांत कळतही नाही. सगळ्यांची गाडी इथेच अडते.

सुरुवातीच्या आठवड्यांत तुम्ही उचलता ते वजन भराभर वाढतं, कारण मेंदू आणि नसा ती हालचाल शिकत असतात. स्नायू भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. आरशात दिसेल असा फरक साधारण दोन महिन्यांनी पडतो. तिसऱ्या आठवड्यात व्यायाम बदलला की नव्या हालचालीची शिकवणी पहिल्यापासून सुरू होते. दर तीन आठवड्यांनी बदल करणारा माणूस वर्षभर शिकतच राहतो, स्नायूंना वाढायची पाळीच येत नाही.

त्यात अंग दुखण्याची भर पडते. नवा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं आणि आपल्याला वाटतं, आज खरा व्यायाम झाला. तोच व्यायाम करत राहिलं की दुखणं कमी होतं, आणि मग वाटतं की शेड्यूलचा असर संपला. प्रत्यक्षात स्नायू सरावले म्हणून दुखणं थांबलेलं असतं, आणि वजन वाढवायची खरी वेळ तेव्हाच आलेली असते. नेमकं त्याच वेळी सभासद नवीन शेड्यूल मागायला येतात.

म्हणून ८ आठवडे शेड्यूल बदलायचं नाही, असा आमचा नियम आहे. आणि त्यासाठी वही लागते. तारीख, व्यायाम, वजन, किती रेप्स झाले (म्हणजे न थांबता किती वेळा उचललं) आणि थांबताना अजून किती निघाले असते, एवढंच लिहायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म जखमी सैनिकांकडून वजनांचा व्यायाम करून घेत. माणूस जास्तीत जास्त किती वजन १० वेळा उचलू शकतो, हे ते दर आठवड्याला तपासून पुढचं वजन ठरवत. आमच्या वहीचा उद्देशही तोच. वहीत आकडे पुढे सरकत असतील, तर पद्धत तुम्हाला मानवते आहे, मग त्या दिवशी अंग दुखलं असो वा नसो. १.२५ किलोच्या प्लेट्स आम्ही भरपूर ठेवल्या आहेत त्या याचसाठी. खांद्याच्या व्यायामात एकदम ५ किलो वाढवणं बहुतेकांना झेपत नाही, बारच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी प्लेट झेपते.

काही गोष्टी मात्र आम्ही पहिल्याच दिवशी तुमच्या बांध्याप्रमाणे ठरवतो. मांडीचं हाड लांब असेल तर स्क्वॉटला (वजन घेऊन काढलेल्या बैठकीला) खाली जाताना पाठ जास्त पुढे झुकते. त्यात चूक काही नाही, तो बांधाच तसा आहे. अशांना आम्ही टाचेखाली छोटी प्लेट देतो, पाय जरा रुंद ठेवायला सांगतो किंवा छातीशी डंबेल धरून स्क्वॉट करून घेतो. हात लांब असतील तर डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उभं राहत उचलणं) सोपी जाते, पण बेंच प्रेसला (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलताना) बारला जास्त अंतर कापावं लागतं. तिथे शेजारच्याच्या आकड्यांशी तुलना करू नका. खुब्याच्या खोबणीची ठेवणही माणसागणिक वेगळी असते, म्हणून पायांची बोटं किती बाहेर वळवायची ते तुम्हाला बसवून-उठवून बघूनच आम्ही सांगतो.

रेप्सबद्दल फार डोकं शिणवू नका. सेट, म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सची एक फेरी, थकवा येईपर्यंत नेला तर ६ रेप्सनेही स्नायू वाढतो आणि २५ नेही. ज्यांचे गुडघे किंवा कोपर जड वजनाला कुरकुरतात, त्यांनी हलकं वजन घेऊन रेप्स वाढवावेत. आठवड्याचे सहा दिवस वेगवेगळ्या अवयवांना वाटून देणारं शेड्यूल आम्ही नवख्यांना सहसा देत नाही, कारण एखादा दिवस चुकला की तो अवयव आठवडाभर राहून जातो. तीन दिवस पूर्ण शरीराचा व्यायाम केला तर एक खाडा पडला तरी निभावतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत सगळ्या मुख्य स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस करायला सांगितलं आहे.

आठ आठवड्यांच्या नियमाला अपवाद आहे तो दुखापतीचा. सांध्यात टोचल्यासारखी कळ, हातापायाला मुंग्या किंवा दिवसेंदिवस वाढणारं दुखणं असेल तर सेट तिथेच थांबवा आणि लगेच ट्रेनरला सांगा. तो व्यायाम त्याच दिवशी बदलला जाईल. रक्तदाब असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. जड वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब झपाट्याने चढतो, त्यामुळे तुमचे सेट आम्ही वेगळ्या तऱ्हेने बांधू.

आठवा आठवडा संपला की वही घेऊन या. संध्याकाळच्या गर्दीत शांतपणे बोलता येत नाही, म्हणून दुपारची वेळ काउंटरवर ठरवून ठेवा. ट्रेनर तुमच्यासोबत बसून वही वाचेल आणि एका वेळी एकच गोष्ट बदलेल, म्हणजे फरक कशाने पडला ते पुढच्या वेळी वहीतच दिसेल. दुसरीकडे व्यायाम करणारं ओळखीचं कुणी असेल आणि त्यांची वही भरलेली असेल, तर त्यांनाही बरोबर आणा. तीही आम्ही तेवढ्याच आपुलकीने बघू.