व्यापारचक्र

व्यापारचक्र : देशाचे एकूण उत्पादन, रोजगार, पतपुरवठा आणि किंमती यांत आलटूनपालटून होणारी वाढ व घट. ‘चक्र’ म्हटले की ठरलेल्या वेळी फिरून येणारी गोष्ट डोळ्यांपुढे येते. तेजी-मंदी फिरून येतात हे खरे, पण त्यांचा काळ ठरलेला नसतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आर्थर बर्न्स व वेस्ली मिचेल यांनी १९४६ मध्ये दिलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. तिच्यात चक्राची लांबी ‘एक वर्षाहून अधिक ते दहा-बारा वर्षे’ इतकी सैल ठेवलेली आहे. चक्राला नेमकी मुदत देण्याचे प्रयत्न का फसले, हे पाहिले म्हणजे या सैलपणाचे मोल कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक व्यापारी अरिष्ट ही सुटी घटना समजली जाई. युद्ध, नापिकी किंवा सट्टेबाजी यांपैकी एखादे कारण पुढे केले जाई. लॉर्ड ओव्हरस्टोन यांनी १८३७ मध्ये शांततेपासून उत्साह, अतिव्यापार, हादरा आणि पुन्हा शांतता अशा अवस्थांची साखळी मांडली होती, पण तिला आकड्यांचा आधार नव्हता. तो पेशाने वैद्य असलेल्या क्लेमां ज्युग्लार यांनी १८६२ मध्ये दिला. त्यांनी बँक ऑफ फ्रान्स व बँक ऑफ इंग्लंड यांच्या ताळेबंदांतील दोन रकाने शेजारीशेजारी ठेवले : वटवलेल्या हुंड्यांची रक्कम आणि तिजोरीतील सोने-चांदी. तेजीत पहिला आकडा वर्षानुवर्षे फुगतो आणि दुसरा आटत जातो. अरिष्टाच्या क्षणी हुंड्या शिखरावर व धातू तळाशी असतो. हिशेब चुकते होत गेले की चित्र उलटे होते. म्हणजे मंदीचे बीज आधीच्या तेजीतच असते. ‘ज्युग्लार चक्र’ सात ते अकरा वर्षांचे असे पुस्तकांतून सर्रास सांगितले जाते. खुद्द ज्युग्लार यांनी मात्र ठरावीक मुदतीचा आग्रह धरला नव्हता.

तो आग्रह इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ यांनी धरला. सूर्यावरील डागांच्या आवर्तनाने पाऊस व पिके बदलतात, भारतातील पीक बुडाले की तेथून इंग्लिश मालाला असणारी मागणी घटते आणि लंडनमध्ये अरिष्ट येते, अशी त्यांची कारणमाला होती. अरिष्टांमधील अंतर त्यांच्या मते सुमारे साडेदहा वर्षे होते. ते जुळवण्यासाठी अठराव्या शतकातील काही वर्षे अपुऱ्या पुराव्यावर अरिष्टाची धरावी लागली. उपपत्ती टिकली नाही, तरी एका देशातील सुगी दुसऱ्या देशातील बाजाराशी जोडून पाहण्याची दृष्टी तिच्यात होती.

पुढे जोसेफ किचिन यांनी १९२३ मध्ये सुमारे चाळीस महिन्यांचे लघुचक्र दाखवले. मालसाठ्यातील चढउताराशी त्याचा संबंध लावतात. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३० मध्ये पंधरा ते पंचवीस वर्षांचे चक्र मांडले. ते बांधकाम व लोकसंख्यावाढीशी जोडले जाते.

सर्वांत मोठा वाद दीर्घ तरंगांचा आहे. मॉस्कोतील आर्थिक स्थितिगती संस्थेचे संचालक निकोलाय कोंद्रात्येव्ह यांनी १९२० च्या दशकात इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका आदींच्या किंमती, व्याजदर, मजुरी, परदेशी व्यापार, कोळसा व बीड (कच्चे लोखंड) यांच्या मालिका तपासून सुमारे पन्नास वर्षांचे तरंग मांडले. त्यांच्या मते पहिला तरंग १७८० च्या दशकाअखेरीपासून वर गेला, १८१० ते १८१७ च्या सुमारास वळला आणि शतकाच्या मध्यावर संपला. दुसरा १८७० ते १८७५ च्या दरम्यान शिखरावर होता. तिसरा १८९० च्या दशकात सुरू झाला. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे : डच लेखक फान गेल्डेरेन यांनी १९१३ मध्ये तशीच मांडणी केली होती, आणि अग्रक्रमाचा हा मान त्यांनाच द्यावा हे रास्त वाटते.

खरी अडचण रीतीत आहे. कोंद्रात्येव्ह प्रत्येक मालिकेतून दीर्घकालीन कल वजा करत आणि उरलेल्या आकड्यांची नऊ वर्षांची चल सरासरी (एकेक वर्ष पुढे सरकत काढलेली नऊ-नऊ वर्षांची सरासरी) घेत, म्हणजे ज्युग्लार चक्रे पुसली जात. कलाची वक्ररेषा वेगळी निवडली तर तरंगही बदलतो, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ ओपारिन यांनी १९२६ च्या चर्चेत घेतला. त्याहून खोल घाव त्याच संस्थेत काम करणाऱ्या येव्गेनी स्लुत्स्की यांच्या १९२७ च्या निबंधाने घातला. त्यांनी सरकारी सोडतीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक ओळीने घेतले, दहा-दहा अंकांच्या सरकत्या बेरजा केल्या आणि आलेख काढला. निव्वळ योगायोगाच्या त्या अंकांतून उठलेल्या लाटा १८५५ ते १८७७ मधील इंग्लंडच्या व्यापारचक्रांशी थक्क करण्याइतक्या जुळल्या! सरासरी काढण्याची क्रियाच लाटा निर्माण करू शकते, हे यातून उघड झाले. शिवाय कोंद्रात्येव्ह यांच्या हाती जेमतेम अडीच तरंग होते, आणि अडीच उदाहरणांवरून नियम बांधणे धाडसाचे. त्यांना १९३० मध्ये अटक झाली व १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. आकड्यांनी मिटायचा वाद बंदुकीने थांबवला गेला, ही अर्थशास्त्राची फार मोठी हानी होय. योझेफ शुम्पेटर यांनी १९३९ मध्ये किचिन, ज्युग्लार व कोंद्रात्येव्ह ही तिन्ही चक्रे एकात एक बसवून दीर्घ तरंगांची कारणे कापडगिरण्या, रेल्वे, वीज अशा नवप्रवर्तनांत शोधली. ही मांडणी इतिहास समजून घेण्यास उपयोगी आहे, भाकितास नव्हे.

जागतिक समकालिकता : देशोदेशीची चक्रे एरवी मागेपुढे चालतात. दरडोई जागतिक उत्पादन घटल्याची १९७५, १९८२, १९९१, २००९ व २०२० ही वर्षे मात्र जागतिक मंदीची धरली जातात. अर्थशास्त्रज्ञ एलेन रे यांनी २०१३ मध्ये दाखवले की अमेरिकी पतधोरणाबरोबर भांडवलाचे प्रवाह व मालमत्तांच्या किंमती जगभर एकत्र हलतात आणि तरता विनिमयदर (बाजारावर सोडलेला चलनाचा दर) त्यापासून पुरते संरक्षण देत नाही.

गुंतवणूक : प्रचलित आडाखा असा : मंदीत दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे, पुनरुत्थानात समभाग, तेजीच्या उत्तरार्धात धातू व इंधन, आणि महागाईसह मंदी आली तर रोकड. अडचण आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे वेळेवर कळण्याची. अमेरिकेत चक्रांच्या तारखा नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था ठरवते. २०२० मध्ये एसअँडपी ५०० या अमेरिकी समभागांच्या निर्देशांकाने २३ मार्चला तळ गाठला. अर्थव्यवस्थेचे शिखर फेब्रुवारीत होऊन गेल्याचे संस्थेने ८ जूनला जाहीर केले, आणि त्याच दिवशी निर्देशांकाने त्या वर्षातील घट भरून काढली. मंदी एप्रिल २०२० मध्येच संपली होती, हे जाहीर व्हायला १९ जुलै २०२१ उजाडले. घोषणेची वाट पाहून समभाग घेणाऱ्याच्या हातून चढ निसटलेला असतो.

निरनिराळ्या देशांत विभागून गुंतवण्याचा उपाय जुना व सुज्ञ आहे. २००८ प्रमाणे अरिष्टात सगळे बाजार एकदम कोसळतात, तेव्हा तो थोडा तोकडा पडतो; दीर्घकाळात मात्र त्याचे मोल मोठे. एकाच देशावर विसंबण्याचा धोका असा : जपानच्या निक्केई या समभाग निर्देशांकाने डिसेंबर १९८९ ची पातळी ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. समभाग व रोखे परस्परांना तोलतात हेही नेहमी खरे नाही : २०२२ मध्ये महागाई व व्याजदर चढल्याने दोन्ही घसरले. अल्पमुदतीच्या रोख्यांवरील परतावा दीर्घमुदतीच्या रोख्यांहून वर जाणे ही मंदीची सर्वांत भरवशाची पूर्वसूचना मानली जाते. अमेरिकेत ती जुलै २०२२ मध्ये मिळाली आणि दोन वर्षांहून अधिक काळ टिकली. २०२४ अखेरपर्यंत मंदी जाहीर झाली नव्हती.